वर्गातला शिक्षक कॅनव्हाससमोर फार लवकर येतो तेव्हा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा आहे. तुम्ही अकरा वर्षं कलामहाविद्यालयात रेखाटन आणि रंगकाम शिकवताय आणि गेली तीन वर्षं शनिवार-रविवारी तैलरंगात अमूर्त चित्रं करताय. पहिले दोन दिवस चित्र जिवंत असतं. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत ते एक तर मळतं, नाही तर तुमच्याच शब्दांत 'गोड' होतं. असे 19 कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. तुम्हाला विचारायचंय की शिकवणं सोडून पूर्णवेळ चित्रं करावीत का, आणि अमूर्त चित्र पूर्ण झालं हे ओळखायचं कसं.

मी अमूर्त चित्रं करते आणि 26 वर्षं शिकवते आहे. तुम्ही ज्या जागी उभे आहात तिथे मीही काही वर्षं उभी होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात आधी दिसला तो 'सुधारलं' हा शब्द. तो पाच वेळा आलाय. 'उजव्या कडेचा विटकरी पट्टा खटकत होता, तो सुधारला.' 'मधला भाग रिकामा वाटला म्हणून सुधारला.' 'दोन निळे भांडत होते, ते सुधारले.' हा वर्गातला शब्द आहे. विद्यार्थ्याच्या कामापाशी उभं राहून आपण दिवसभर हेच करतो. माझ्या मते तुमची अडचण वेळेची नाही, निदान आधी वेळेची नाही. शनिवारी सकाळी कॅनव्हाससमोर चित्रकाराच्या आधी शिक्षक येऊन उभा राहतो आणि तो फार लवकर बोलायला लागतो. नोकरी सोडली तरी तो शिक्षक तुमच्याबरोबर घरी येईल, आणि मग आठवड्याचे सातही दिवस येईल.

हे असं का होतं ते नीट उलगडून सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे.

वर्गात तीस मुलं असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला आपली तीन-चार मिनिटं येतात. तेवढ्या वेळात कामातलं नेमकं काय चुकतंय ते हेरायचं, सांगायचं आणि पुढच्या ईझलकडे जायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर डोळा तसाच घडतो. कागदावर नजर पडायच्या आत चूक दिसते आणि चुकीच्या मागोमाग उपायही दिसतो. ही कमावलेली विद्या आहे, मी तिला कमी लेखत नाही. समोर मॉडेल बसलेलं असेल तर ती अचूक चालते. नाक डावीकडे सरकलंय हे खरोखर सरकलेलं असतं, मोजून दाखवता येतं.

अमूर्त चित्राच्या दुसऱ्या दिवशी मात्र समोर मॉडेल नसतं. मग एखादा पट्टा 'चुकलाय' हे तुम्ही कशाशी ताडून ठरवता? पुरं चित्र तर अजून अस्तित्वात नाही. ताडायला उरतात ती तुमच्या डोक्यातली आधी पाहिलेली चांगली चित्रं, सगळ्यांची मिळून झालेली एक सरासरी. प्रत्येक 'सुधारणा' कॅनव्हासला त्या सरासरीकडे थोडी थोडी ढकलते. चार बैठकींनंतर चित्रात खटकणारं काहीच उरत नाही. त्यालाच तुम्ही 'गोड' म्हणताय. तुमच्या हाताला कौशल्य कमी आहे म्हणून हे होत नाही. कौशल्य भरपूर आहे आणि ते वेळेआधी वापरलं जातंय, म्हणून होतंय.

माझ्या बाबतीत हे ज्या चित्रापाशी कळलं ते सांगते. पाच फूट बाय चार फूट कॅनव्हास, बहुतेक सगळा राखाडी निळा. पातळ रंगाचे थर रोलरनं लावलेले, मधूनमधून कापडानं पुसून काढलेले. खाली डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा हिरवा डाग पडला होता. पुसताना खालचा पिवळा वर आला आणि निळ्यात मिसळून तो हिरवा झाला. ओला असताना चमकत होता, वाळल्यावर शेवाळासारखा मंद झाला. तो पूर्ण परका होता. बाकी चित्र एका स्वरात आणि हा कोपऱ्यात भलताच. माझ्या हातात पॅलेट नाइफ होती, तो खरवडायला एक मिनिट लागलं असतं. तेवढ्यात बाहेर जावं लागलं, आणि नंतर परीक्षांच्या कामात चार महिने स्टुडिओत पाऊल पडलं नाही.

परत आल्यावर चित्र सरळ केलं तेव्हा डोळा थेट त्या हिरव्यावर गेला आणि तिथेच थांबला. आता परकं वाटत होतं ते बाकीचं निळं. चार महिन्यांपूर्वी मी त्याला 'एकसंध' म्हणत होते, ते खरं म्हणजे झोपलेलं होतं. मी त्या डागाला हात न लावता उरलेलं सगळं चित्र बदललं. वरचा निळा काढून टाकला, उजवीकडे एक जड तपकिरी प्रतल, म्हणजे रंगाचा सपाट भाग, आणलं, मधली जागा सात आठवडे मोकळी ठेवली. ते चित्र आजही माझ्याकडे आहे. हिरवा डाग होता तसा आहे.

वर्गातली मी असते तर विद्यार्थ्याला सांगितलं असतं, 'हा कोपरा बघ, जुळत नाहीये.' आणि ते खरंही होतं. तो जुळत नव्हता, कारण चित्रात तेवढीच एक गोष्ट नवी होती.

याचा दुसरा भाग मी फार आधी भोगला होता, फक्त अर्थ उशिरा लागला. विद्यार्थी असताना माझ्या एका शिक्षकांनी माझ्या कॅनव्हासवर स्वतःच्या हातानं एक रुंद पांढरा फटकारा मारला. चांगला होता, चित्र एकदम उभं राहिलं. वार्षिक प्रदर्शनात लोक त्या फटकाऱ्यापाशीच थांबायचे. मला मात्र त्या चित्राकडे बघवायचं नाही. पुढची दोन वर्षं मी तसाच फटकारा मारायचा प्रयत्न करत राहिले आणि तो माझा कधीच झाला नाही. तेव्हापासून मी विद्यार्थ्याच्या चित्राला ब्रश लावत नाही. दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखवते आणि तो कागद लगेच बाजूला ठेवते.

गेली काही वर्षं मी वर्गात आणखी एक बदल केलाय. त्याचा उपयोग मुलांपेक्षा मला जास्त झाला. विद्यार्थ्याच्या कामाच्या पहिल्या टप्प्यात मी चूक सांगत नाही. फक्त काय दिसतंय ते सांगते: 'डोळा इथून आत जातो, इथे अडतो, हा लाल पुढे येतोय, ही कड मऊ आहे आणि ती धारदार.' यात चांगलं-वाईट काही नाही. मग विचारते, यातलं तुला काय माहीत होतं आणि काय नव्हतं? जे माहीत नव्हतं तिथे पुढचं काम सुरू होतं. हे अवघड आहे. पहिले काही महिने जीभ आवरावी लागते. पण दिवसभर असं बोलून संध्याकाळी स्वतःच्या कॅनव्हाससमोर आल्यावर डोळा वेगळा चालतो. शिकवणं आणि रंगवणं एकमेकांना खातात की पोसतात, हे मला तरी यावर ठरताना दिसलंय.

शिकवण्यातून चित्रकाराला मिळतं काय, याचं मोठं उदाहरण पाउल क्ली. तो 1921 ते 1931 बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवत होता आणि त्या काळातली त्याची टिपणं हजारो पानांची आहेत. रेषा कशी चालते, तोल कसा साधतो, रंग एकमेकांकडे कसे सरकतात, असं सगळं. आजवर आपण जे नकळत करत होतो ते विद्यार्थ्यांसमोर मांडण्यासाठी आधी स्वतःला समजून घ्यावं लागलं, अशी त्याची भावना होती. माझ्या लेखी महत्त्वाचं हे, की तेवढा सिद्धांत लिहूनही त्याची चित्रं सिद्धांताची प्रात्यक्षिकं वाटत नाहीत. टिपणवही एका टेबलावर आणि चित्र दुसऱ्यावर, असं काहीतरी अंतर त्यानं राखलं असणार असं मला वाटतं. तुम्हालाही ते अंतर हवंय.

आता मळण्याबद्दल, कारण ती निराळी गोष्ट आहे आणि तिची कारणं बऱ्याच अंशी तांत्रिक आहेत.

रंग मळला की आपण म्हणतो, फार रंग एकत्र मिसळले. कधीकधी तसं असतंही. विरुद्ध रंग ओल्यात ओले एकमेकांवर गेले की राखाडी-तपकिरी होणारच. पण मी पाहिलेल्या दहा मळलेल्या चित्रांपैकी सात-आठांत रंगापेक्षा उजळ-गडदपणाचा घोटाळा असतो. प्रत्येक सुधारणेला आपण थोडा पांढरा घालतो. टायटॅनियम व्हाइट अपारदर्शक आणि जोरकस आहे, तो सगळे टोन मधल्या पट्टीत ओढतो. गडद भाग उजळतात, उजळ भाग खालच्या ओल्या रंगानं मंदावतात, आणि शेवटी निळा, लाल, हिरवा सगळे एकाच उंचीवर येऊन बसतात. रंग वेगवेगळे असूनही चित्र चिखल वाटतं. तपासायला सोपं आहे. मोबाइलवर फोटो काढून त्यातला रंग काढून टाका. 19 पैकी बहुतेक फोटो एकसारखे राखाडी दिसले, तर निदान झालं.

यावर मला लागू पडलेला उपाय असा की एका बैठकीत पांढऱ्याला हातच लावायचा नाही. उजेड कॅनव्हासच्या पांढऱ्या अस्तराकडून, म्हणजे रंगाआधी मारलेल्या थराकडून, घ्यायचा. म्हणजे पारदर्शक रंग पातळ लावायचे आणि हवं तिथे पुसून काढायचे. थॅलो ब्लू, क्विनॅक्रिडोन रोझ, ट्रान्स्परंट ऑक्साइड यांसारखे रंग यासाठी चांगले. कॅडमियम आणि सेरुलियन झाकणारे रंग आहेत, ते शेवटी आणि थोडे. आणि दोन बैठकींमध्ये थर खरोखर वाळू द्यायचा. तैलरंगात हे रंगावर आणि जाडीवर अवलंबून असतं. पातळ लावलेला उंबर (मातकट तपकिरी रंग) एक-दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो, कारण त्यातलं मँगनीज वाळणं वेगानं घडवतं. आयव्हरी ब्लॅकला आठवडा किंवा त्याहूनही जास्त लागतो. तुम्ही शनिवारी लावलेल्या थरावर रविवारी काम करता, म्हणजे जवळजवळ नेहमीच ओल्यात ओलं. जाणूनबुजून केलं तर ती एक पद्धत आहे, सवयीनं झालं तर चिखल. खाली तेल कमी आणि वर तेल जास्त हा जुना नियमही पाळा. खालचा तेलकट थर सावकाश वाळतो आणि वरचा कोरडा थर मग तडकतो. हे तुम्ही विद्यार्थ्यांना सांगतच असाल, पण शनिवारी आपण घाईत असतो.

ही घाई टाळायला मी एका वेळी पाच-सहा चित्रं चालू ठेवते. एक ओलं असेल तर दुसऱ्याकडे वळते. यातून आणखी एक होतं. एका चित्रात सुचलेली गोष्ट त्याच चित्रात कोंबावी लागत नाही, ती पुढच्या कॅनव्हासवर जाते. मालिका अशाच तयार होतात. जर्मन-अमेरिकन चित्रकार जोसेफ आल्बर्सनं चौकोनात चौकोन असलेली मालिका 1950 मध्ये, बासष्टाव्या वर्षी सुरू केली आणि 1976 मध्ये मरेपर्यंत हजारावर चित्रं केली. मांडणी तीन-चार तऱ्हांची, बाकी सगळं रंगावर सोडलेलं. हार्डबोर्डच्या खडबडीत बाजूवर तो रंग बहुतेक थेट ट्यूबमधून पॅलेट नाइफनं लावायचा, आणि कोणता रंग, कोणत्या कंपनीचा हे मागच्या बाजूला लिहून ठेवायचा. तोही आयुष्यभर शिक्षक होता. वर्गात रंगाचे प्रयोग तो रंगीत कागदांवर करून घ्यायचा. एकच रंग वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर वेगळा कसा दिसतो हे पाहायला कागद बरा, कारण रंग मिसळण्याची कटकट नाही आणि तीच छटा पुन्हा तंतोतंत मिळते. हा अभ्यास मी दरवर्षी मुलांबरोबर स्वतः बसून करते. त्यांना देऊन फेऱ्या मारत नाही. तुम्हीही बसा. शिक्षक वर्गात काही शोधत असलेला दिसणं मुलांच्याही भल्याचं असतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. पूर्ण झालं हे कळतं कसं?

याचं एक उत्तर नाही. चित्रकारागणिक आणि चित्रागणिकही ते बदलतं. काहींचं चित्र एका दमात होतं आणि तिथेच संपतं. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. हातात रोलर किंवा नाइफ येण्याआधीचा बघण्याचा आणि थांबण्याचा काळ त्यांच्या कामाचाच भाग होता. माझं काम या दोन टोकांच्या मधलं आहे. त्यामुळे मी माझीच खूण सांगू शकते: चित्र मला ओळखू येईनासं झालं की ते पूर्ण व्हायच्या जवळ आलेलं असतं.

हे कोड्यासारखं वाटेल, म्हणून रशियन चित्रकार कान्डिन्स्कीची एक आठवण सांगते. 1913 मध्ये लिहिलेल्या आठवणींत त्यानं ती नोंदवली आहे. संध्याकाळी बाहेरून स्केच करून, रंगपेटी घेऊन तो आपल्या म्युनिकच्या स्टुडिओत आला. भिंतीला टेकलेलं एक विलक्षण सुंदर चित्र त्याला दिसलं, नुसते आकार आणि रंग, विषय कळेना. जवळ गेल्यावर लक्षात आलं की ते त्याचंच चित्र आहे, आडवं ठेवलेलं. ही गोष्ट सहसा अमूर्त चित्रकलेच्या जन्माची कथा म्हणून सांगतात आणि इथेच थांबतात. मला त्याच्या पुढचं जास्त मोलाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी उजेडात त्यानं तोच अनुभव पुन्हा आणायचा प्रयत्न केला आणि तो अर्धाच साधला. चित्र आडवं ठेवूनही त्याला त्यातल्या वस्तू ओळखू येत राहिल्या. आदल्या दिवशीचा परकेपणा मुद्दाम आणता आला नाही.

मुद्दाम पूर्णपणे आणता येत नाही, पण त्याला वाट करून देता येते. चित्र उलटं टांगा, आरशात बघा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण या युक्त्यांनी पुन्हा चुकाच शोधू नका. मी एक खुर्ची ठेवली आहे, कॅनव्हासपासून आठ-नऊ फुटांवर. त्या खुर्चीत बसलेलं असताना हातात ब्रश घ्यायचा नाही, हा माझा नियम आहे. ब्रश हातात असला की डोळा काम शोधतो. रिकाम्या हातानं वीस मिनिटं बसायचं. पहिली सात-आठ मिनिटं शिक्षक बोलत राहतो: तो कोपरा, ती कड, तो तोल. बोलू द्यायचं. मग त्याचं बोलून संपतं. त्यानंतर जे दिसतं ते वहीत एका ओळीत लिहायचं, 'काय करायला हवं' असं नाही तर 'काय आहे' असं. 'खालचा राखाडी वजनदार आहे आणि वरचा त्याला घाबरलाय.' असल्या ओळी चालतात. त्या दिवशी रंग लावायचा नाही.

तीन वेगवेगळ्या दिवशी बसूनही चित्रात करण्यासारखं काही सुचलं नाही, आणि तरी बघायचा कंटाळा आला नाही, तर मी सही करते. कंटाळा आला तर ते पूर्ण नाही, फक्त निर्दोष आहे. त्याला पुन्हा कामाला घेते, आणि अशा वेळी छोटी सुधारणा न करता एखादा मोठा भाग पणाला लावते. कधी चित्र जातं. जाऊ द्यावं.

नोकरीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. त्याचं उत्तर तुमच्या घरावर कोण अवलंबून आहे, किती महिने पगाराविना निभेल, तब्येत कशी आहे, महाविद्यालयात रजेची सोय आहे का, यावर ठरतं. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही आणि ते मला सांगायची गरजही नाही. मी एवढंच सांगेन की आज, या 19 कॅनव्हासच्या जोरावर, सोडू नका. चित्रं पुढे जात आहेत आणि वेळ अपुरा पडतोय, असं झालं की सोडण्याला अर्थ येतो. आता अपुरा पडतोय तो दोन बैठकींमधला काळ. तो तर नोकरी तुम्हाला आयताच देतेय, सोमवार ते शुक्रवार.

जर्मन-अमेरिकन चित्रकार हान्स होफमानचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. त्यानं 1915 मध्ये म्युनिकमध्ये शाळा काढली, नंतर न्यूयॉर्कमध्ये चालवली. शिकवण्याच्या सुरुवातीच्या बऱ्याच वर्षांत त्याचं रंगवणं फार कमी झालं, मुख्यतः रेखाटनंच झाली. म्हणजे शिकवणं चित्र गिळू शकतं, ही तुमची भीती खरी आहे. 1958 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यानं शाळा बंद केली आणि 1966 मध्ये मरेपर्यंत पूर्णवेळ रंगवलं. आज जी चित्रं आपण होफमानची म्हणून ओळखतो त्यांतली कितीतरी त्या शेवटच्या वर्षांतली आहेत. पण प्रतलं एकमेकांना पुढे-मागे कशी ढकलतात हे त्या चित्रांतलं मर्म त्यानं चाळीस वर्षं वर्गात बोलून घासूनपुसून घेतलं होतं. शाळा लवकर बंद केली असती तर काय झालं असतं हे कोणी सांगू शकत नाही. त्याच्या वयापर्यंत थांबा असं मी मुळीच म्हणत नाही. तुमच्या प्रश्नात जी घाई आहे, तिचं कारण वय नसावं एवढंच माझं म्हणणं आहे.

मधला मार्ग असतो आणि मी तोच घेतला: तास कमी करून घेणं, परीक्षा आणि समित्यांची कामं जमेल तेवढी नाकारणं, आठवड्यातली एक सकाळ कोणालाही न देणं. शिकवण्यापेक्षा शिकवण्याभोवतीची कामंच माणसाला जास्त थकवतात. त्याबरोबर रोज अर्धा तास छोट्या कागदावर, पोस्टकार्डाएवढ्या, दोन रंगांत काहीतरी करा. ती चित्रं नव्हेत आणि दाखवायची नाहीत. शनिवारी कॅनव्हाससमोर गार हातानं उभं राहू नये म्हणून.

प्रदर्शनाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, मीही ओझरतंच सांगते. एकमेकांशी बोलणारी बारा-पंधरा चित्रं होईपर्यंत गॅलरीच्या मागे लागू नका. प्रत्येक चित्राचा नीट फोटो, माप, माध्यम आणि वर्ष आजपासून नोंदवा. दहा वर्षांनी स्वतःलाच आठवत नाही. तैलचित्राला वार्निश लावायचं तर सहा महिने ते वर्षभर थांबा.

तर आधी हे करून बघा: पुढच्या तीन महिन्यांत एका वेळी चार कॅनव्हास, पहिल्या तीन बैठकींत एकही सुधारणा नाही, पांढरा रंग कपाटात, आणि रंग लावायच्या दिवसांइतकेच दिवस त्या खुर्चीत. वर्गात पहिल्या टप्प्यावर फक्त वर्णन. तीन महिन्यांनी नोकरीचा प्रश्न पुन्हा काढा. कदाचित तो तेव्हाही उभा असेल, पण वेगळ्या कारणासाठी असेल.

ते 19 कॅनव्हास अस्तर मारून पुन्हा वापरावेत का, असंही तुम्ही विचारलंय. अजून नको. एकेक सरळ करा, भिंतीला टेकवा आणि प्रत्येकासाठी वहीत एकच गोष्ट लिहा: यात मी काय सुधारलं? तुम्हाला आठवेल, हाताला ते बरोबर आठवतं. 19 ओळींची ती यादी म्हणजे तुमच्याच चित्रांतून तुम्ही हाकलून दिलेल्या गोष्टी आहेत. तिच्यात विटकरी पट्टा असेल, भांडणारे दोन निळे असतील, ती रिकामी मधली जागा असेल. मी तुमच्या जागी असते तर नवा कॅनव्हास ताणून पहिल्याच दिवशी उजव्या कडेला तो विटकरी पट्टा तसाच्या तसा, खटकत होता तेवढाच रुंद, आधी लावला असता. मग तो वाळेपर्यंत थांबले असते.